विश्लेषण : दत्तक घेतलेले हस्की मिश्र पिल्लू ‘हट्टी’ का वाटते? नव्या घरात त्याला रुळवायचे कसे?

‘हस्की क्रॉस, नर, वय आठ महिने, लसी पूर्ण, खूप प्रेमळ. वेळ देता येत नसल्यामुळे चांगल्या घरी द्यायचा आहे.’ पुण्या-मुंबईच्या प्राणिप्रेमी व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशा धर्तीचे मेसेज सतत फिरत असतात. सोबतच्या फोटोत ताठ कान, झुबकेदार शेपूट आणि बऱ्याचदा एक तरी निळा डोळा. घेणारे पटकन मिळतात. मात्र त्यातली काही पिल्ले थोड्याच महिन्यांत पुन्हा तशाच मेसेजमध्ये दिसू लागतात. ‘ऐकतच नाही’, ‘एकटा ठेवला की ओरडतो’, ‘दार उघडले की पळतो’ ही कारणे दोन्ही घरांची सारखीच असतात. दोन वेगळ्या घरांना एकच तक्रार असेल, तर ती नेमकी कशातून येते हे घरी आणण्याआधीच समजून घेतलेले बरे.

हस्की मुळात कशासाठी घडवला गेला?

सैबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुक्ची लोकांनी बर्फावरची घसरगाडी ओढण्यासाठी ही कुत्री पिढ्यानपिढ्या वाढवली. कमी अन्नावर, हलके ओझे घेऊन, न थकता लांब पल्ला गाठणे हे त्यांचे काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती अलास्कात पोहोचली. १९२५च्या हिवाळ्यात नोम या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध पोहोचवण्यासाठी साधारण १,०८५ किलोमीटरचे अंतर सुमारे दीडशे कुत्र्यांनी आणि वीस चालकांनी टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत पार केले. सर्वांत लांब टप्पा लिओनार्ड सेप्पाला यांच्या ‘टोगो’ या कुत्र्याने नेला. पुतळा मात्र शेवटच्या टप्प्यातल्या ‘बाल्टो’चा उभा राहिला. १९३०मध्ये अमेरिकन केनेल क्लबने सैबेरियन हस्कीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

हा इतिहास इथे सांगायचे कारण साधे आहे. वादळात गाडीच्या पुढे धावणाऱ्या कुत्र्याला मालकाचा आवाज ऐकू येईलच असे नसते. वाट त्यालाच शोधावी लागते, कच्चा बर्फ त्यालाच ओळखावा लागतो. मेंढपाळाचे कुत्रे धन्याच्या इशाऱ्यावर नजर ठेवून असते. हस्कीची नजर पुढच्या रस्त्यावर असते. वन बीएचकेमध्ये ज्याला हट्टीपणा म्हणतात, त्याची अलास्कात गरज होती.

मिश्र जात म्हणजे नेमके काय मिळते?

हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. आपल्याकडे हस्कीचा संकर जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, स्पिट्झ किंवा गावठी कुत्र्याशी झालेला दिसतो. कधी दाट दुपदरी केस आणि शेफर्डचा राखणदार स्वभाव एकत्र येतो, तर कधी अंगावर आखूड केस असतात आणि पळण्याची हौस मात्र पूर्ण हस्कीची. एकाच वेतातली दोन पिल्लेही वेगळी निघतात.

निळ्या डोळ्यांवरून ‘किती टक्के हस्की’ हे ठरवण्याची पद्धत तर निव्वळ फसवी आहे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकीय अभ्यासात हस्कीच्या निळ्या डोळ्यांचा संबंध गुणसूत्र क्रमांक १८वरील एका छोट्या भागाच्या दुहेरी प्रतीशी असल्याचे दिसले. तेवढा एक तुकडा पुढच्या पिढीत उतरला की डोळा निळा होऊ शकतो. स्वभाव, केस किंवा उष्णता सोसण्याची ताकद याबद्दल तो काहीच सांगत नाही.

नेमके सहा ते दहा महिन्यांतच पिल्लू दुसऱ्याला का दिले जाते?

कारण हे कुत्र्याचे पौगंडावस्थेचे वय. दुधाचे दात पडून पक्के आलेले असतात, अंगात ताकद भरलेली असते आणि कालपर्यंत पायात घुटमळणारे पिल्लू हाक ऐकून मान वळवून निघून जाते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच आणि आठ महिन्यांच्या कुत्र्यांना ‘बस’ ही आज्ञा देऊन पाहिली. आठव्या महिन्यात ती कुत्री स्वतःच्या सांभाळणाऱ्या माणसाचे कमी ऐकत होती, अनोळखी माणसाचे मात्र ऐकत होती. घरात किशोरवयीन मूल असलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

म्हणजे पहिल्या घराने हात टेकले ते सर्वांत अवघड वळणावर, आणि दुसऱ्या घराची सुरुवात त्याच वळणावरून होते. त्यात पिल्लाचा सवयीचा वास, माणसे, झोपायची जागा असे सगळे एका दिवसात गेलेले असते. अशा पिल्लाला आल्या दिवशी ‘शेक हँड’ शिकवायला बसणे म्हणजे सामान न उतरवताच भाडेकरूला सोसायटीच्या कार्यक्रमात नाचायला लावणे.

पहिले दोन आठवडे काय करावे?

शक्य तितके कंटाळवाणे जगावे. प्राणी निवाऱ्यांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा वापरतात. पहिले तीन दिवस पिल्लू बावरलेले असते, तीन आठवड्यांत त्याला घराचे वेळापत्रक कळते आणि तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण नव्या घराच्या अपेक्षा ताळ्यावर आणायला उपयोगी आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की पाहुण्यांची रीघ नको. शेजारच्या मुलांनी घोळका करून फोटो काढणे नको. पिल्लाला एक कोपरा द्यावा. तिथे ते गेले की घरातल्या कोणीही त्याला उठवायचे नाही, उचलायचे नाही. जेवण, फिरणे आणि शू-शीच्या वेळा घड्याळावर ठेवाव्यात. पहिल्या घरी जे खात होते तेच काही दिवस द्यावे आणि नवे अन्न आठवडा-दहा दिवसांत हळूहळू मिसळावे. आल्या आल्या ‘चांगलेचुंगले’ खायला घातल्याने होणारे जुलाब पुष्कळदा ताणामुळे झाले असे समजले जाते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे कधीच नकोत.

जनावरांच्या डॉक्टरांकडे पहिल्याच आठवड्यात जावे. दाट केसांत गोचीड लपते आणि तिच्यामुळे होणारा ताप आपल्याकडे नवा नाही. बोटांनी थेट कातडीपर्यंत केस विलग करून, कानांच्या मागे आणि पायांच्या बोटांमध्ये रोज पाहणे हाच खात्रीचा उपाय.

आणि दार. फ्लॅटमध्ये सर्वांत मोठा धोका असतो तो डिलिव्हरीवाल्यासाठी उघडलेल्या दाराचा. हस्की मिश्र पिल्लू त्या फटीतून जिन्यात आणि जिन्यातून रस्त्यावर कधी पोहोचले ते कळत नाही. दाराच्या आत लहान मुलांसाठी लावतात तसे फाटक लावणे, बेल वाजली की आधी पिल्लाला पट्टा अडकवणे आणि गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हे पहिल्या दिवसापासून हवे. बाल्कनीला जाळी हवी. पिल्लू गणपती-दिवाळीच्या तोंडावर येत असेल, तर फटाक्यांचे दिवस उलटेपर्यंत थांबणे दोघांच्याही सोयीचे.

‘आपणच बॉस आहोत’ हे दाखवावे लागते का?

हा सल्ला अजूनही हमखास मिळतो. कुत्र्याला जमिनीवर दाबून धरा, त्याच्या आधी जेवा, नजर रोखा म्हणजे तो तुम्हाला ‘अल्फा’ मानेल, असे सांगितले जाते. त्याचे मूळ १९४७मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्रसिद्ध केलेल्या बंदिस्त लांडग्यांवरच्या निरीक्षणांत आहे. अनोळखी लांडगे एकत्र कोंडले की ते भांडतात, एवढेच त्यातून दिसत होते. हा शब्द ज्यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे पसरला, त्या डेव्हिड मेक यांनीच पुढे १९९९च्या शोधनिबंधात जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्ले असते, हे मांडले. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१मध्ये सर्व कुत्र्यांसाठी बक्षीस देऊन शिकवण्याचीच पद्धत सुचवली आहे.

दुसऱ्या घरी आलेल्या पिल्लाच्या बाबतीत तर मारझोड अधिकच महागात पडते. त्याने आधी काय सोसले आहे हे नव्या घराला ठाऊक नसते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे बंद करते आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावते.

मग प्रशिक्षण कुठून सुरू करायचे?

नावापासून. नाव घेतले, त्याने पाहिले, लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटे. हस्की एकच गोष्ट दहा वेळा करत नाही. तिसऱ्या वेळी त्याचे लक्ष उडते. म्हणून धडा त्याच्या आधी संपवायचा.

हाक मारल्यावर येणे हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कच्चा राहणारा धडा. तो घरात, मग पार्किंगमध्ये, मग मोकळ्या मैदानावर आठ-दहा मीटरच्या दोरीवर करून घ्यावा. आल्यावर रागावायचे नाही, कितीही उशिरा आले तरी. इतके करूनही रस्त्यावर किंवा टेकडीवर पट्टा सोडू नये, हेच शहाणपणाचे. मांजर, कोंबडी किंवा खार दिसली की शेकडो वर्षांची शिकारी वृत्ती आणि पनीरचा तुकडा यांच्यात पनीर हरते.

पट्टा ओढण्याचेही तसेच. ओढणे हा त्याचा पिढीजात धंदा. छातीवरून जाणारा हार्नेस वापरावा आणि पट्टा ताणला की जागीच थांबावे. सैल झाला की पुढे. पहिल्या आठवड्यात गेटपर्यंत जायला वीस मिनिटे लागतील. लागू द्यावीत.

एकटे राहण्याची सवय वेगळी शिकवावी लागते. पहिले काही दिवस सुट्टी आणि मग एकदम नऊ तास ऑफिस, हा सर्वांत वाईट क्रम आहे. आधी एक मिनिट बाहेर, मग पाच, मग पंधरा. पिल्लू शांत असतानाच परत यायचे. बाहेर पडताना आत खाऊ भरलेले खेळणे दिले, तर चाटण्या-चावण्यात त्याचा वेळ जातो. हस्की भुंकतो कमी, पण लांब सूर लावून रडतो, आणि तो सूर दोन मजले खाली पोहोचतो. ज्या घरात दिवसभर कोणीच नसते आणि मध्ये येऊन फिरवून आणणाराही कोणी नाही, त्या घराने हे पिल्लू घेऊ नये.

महाराष्ट्राच्या हवेत त्याचे काय होते?

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकताना जिभेवरचे आणि श्वासनलिकेतले पाणी वाफ होऊन उष्णता बाहेर जाते. नागपुरात डेझर्ट कूलर चालतो आणि मुंबईत तो निरुपयोगी ठरतो, त्याचेच हे गणित. हवेत आधीच बाष्प असेल तर वाफ होण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे मुंबई-कोकणात पारा ३३ अंशांवर असतानाही दाट केसांचे पिल्लू संकटात येऊ शकते. विदर्भात वेगळा धोका. तिथे हवाच त्याच्या शरीरापेक्षा, म्हणजे साडेअडतीस अंशांपेक्षा, गरम होते.

उन्हाळ्यात फिरणे पहाटे आणि रात्री. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्याचे पंजेही तिथे नकोत. केस मुळापासून भादरू नयेत. वरचे राठ केस उन्हापासून बचाव करतात आणि आतली लोकर विंचरून काढली की हवा खेळते. भादरलेले दुपदरी केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असे नाही. पिल्लू लडखडले, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल झाल्या तर आधी अंगावर गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग लगेच डॉक्टरांकडे न्यावे. वीज गेल्यावर काय, याचे उत्तरही आधीच तयार हवे, कारण एसी हा लोडशेडिंगवरचा उपाय नाही.

कायदा काय म्हणतो?

फारसे काही नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६०नुसार पाळीव प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीची ही रक्कम तशीच आहे, म्हणजे पिल्लू रस्त्यावर सोडणे त्याच्या एका वेळच्या खाण्यापेक्षा स्वस्त पडते. २०१७च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांखालच्या पिल्लाच्या विक्रीस मनाई केली. पण मिश्र पिल्ले बहुधा घरगुती वेतांतून, नोंदणीच्या बाहेरच येतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. कमिटीपुढे ते सांगता येते. वरच्या मजल्यावरच्या आजींची झोप मोडत असेल, तर त्यांच्याशी मात्र आधीच जाऊन बोलावे लागते.

पिल्लू घेताना पहिल्या घराकडून काय मागावे?

लसीकरणाचे मूळ कार्ड, कारण रेबीजच्या लसीची तारीख महापालिकेच्या परवान्यालाही लागते. डॉक्टरांचा नंबर. काय खात होते, किती वाजता, कोणत्या शब्दाला ‘बस’ समजते. कोणाला कधी चावले असेल तर तेही, आणि हे सांगणाऱ्याला दोष न देता ऐकून घ्यावे. नाहीतर लोक ते लपवतात. जमले नाही तर पिल्लू कोणाकडे परत जाणार, हे त्याच दिवशी ठरवून लिहून ठेवावे. शिवाय ज्यावर ते झोपत होते ती जुनी चादर मागून घ्यावी, आणि निदान पहिले काही आठवडे ती धुऊ नये.