पाहुणचार शिकविणाऱ्यांना नव्या पाहुण्याचे वावडे

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरील अभ्यासक्रमांना पदवी शिक्षणात वीस टक्क्यांपर्यंत स्थान देण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली केला. २०२१ मध्ये ही मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली. हॉटेल व्यवस्थापन शिकविणाऱ्या अनेक प्राध्यापकांच्या कपाळावरील आठी मात्र अद्याप गेलेली नाही. कढई पडद्यावर तापत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. तो खराच आहे. फोडणी करपण्याआधीचा क्षण नाकालाच कळतो, चित्रफितीला नव्हे. पण अन्नसुरक्षेचा कायदा, पोषणशास्त्र, खर्चाचा हिशेब हे विषय शिकायला कढई कशाला हवी? प्रात्यक्षिक स्वयंपाकघरातच व्हावे. प्रश्न उरलेल्या तासांचा आहे.

या हटवादाची किंमत बोईसर-पालघरचा विद्यार्थी मोजतो. दादरला, वीर सावरकर मार्गावर, केंद्राची नामवंत संस्था १९५४ पासून उभी आहे. पण बोईसरहून तेथे रोज जायचे-यायचे तर चार तास गाडीतच सरतात. वस्तुतः काम त्याच्या दारात आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे, शेजारी औद्योगिक वसाहत आहे, केळव्याला पर्यटकांची वर्दळ आहे आणि वाढवण बंदरालाही २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. बाहेरून येणाऱ्यांना जेवूखाऊ घालणारे, त्यांची व्यवस्था पाहणारे हात स्थानिक असावेत की तेही बाहेरूनच आणावेत?

विरोधाचे मूळ कढईत नसून कार्यभाराच्या तक्त्यात आहे. आठवड्याच्या तासांवर पदे ठरतात. तास घटले की पहिली कुऱ्हाड तासिका तत्त्वावरील अध्यापकावर पडते. ही भीती खोटी नाही. ‘स्वयम्’च्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन करण्याचे तास कार्यभारात धरले जातील, असे शासनाने लेखी द्यावे आणि अध्यापकांनीही ते उघडपणे मागावे. गुणवत्तेच्या पदराआड नोकरीची चिंता लपविणे गुरुपदाला शोभत नाही.

शिवाय असे अभ्यासक्रम घडवायचे कोणी? डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. नागलीची भाकरी, पावसाळ्यातील रानभाज्या आणि किनाऱ्यावरची सुकी मासळी हे या जिल्ह्याचे अन्नवैभव आहे. त्याचा मराठी पाठ येथील अध्यापकानेच चित्रित करावयास हवा. तो हात बांधून बसला, तर वारली पाड्यावरचा मुलगा एखाद्या परदेशी कंपनीकडून, तिच्याच भाषेत, फ्रेंच सूप तेवढे शिकेल.