जनरेटरवर किती भार टाकायचा? आधी बेरीज, मग बटण

वीज गेली की दुकानात, सोसायटीत किंवा गणेश मंडपात पोर्टेबल जनरेटर सुरू होतो आणि एकामागून एक प्लग लागत जातात. भाराची बेरीज मात्र कुणीच करत नाही.

जनरेटरवरचा आकडा बहुधा केव्हीएमध्ये असतो, उपकरणांवरचा वॅटमध्ये. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ३ केव्हीएचा जनरेटर २४०० वॅटच देतो. तो बराच वेळ चालवायचा असेल तर भार ८० टक्क्यांच्या, म्हणजे साधारण १९०० वॅटच्या आत ठेवावा.

मोटारीचे गणित वेगळे. १ एचपीचा पंप चालताना सुमारे १००० वॅट घेतो. पण सुरू होताना काही क्षण कितीतरी पट प्रवाह खेचतो. एवढ्या जनरेटरला तो एकटाही जड जाऊ शकतो. म्हणून मोटार आधी, बाकीचा भार नंतर एकेक करून. गिझर, इस्त्री नकोच.

सर्वांत घातक सवय म्हणजे जनरेटरची वायर थेट घरच्या सॉकेटमध्ये खोचणे. ही वीज उलटी बाहेर जाऊन ट्रान्सफॉर्मरमधून ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. चेंजओव्हर स्विच हा धोका टाळतो.

त्यामुळे हा स्विच बसवणे ऐच्छिक राहू नये. जनरेटर भाड्याने देणाऱ्यांनीही आधी उपकरणांची यादी मागावी, मगच यंत्र द्यावे.