खेचरांच्या गाडीतले महाविद्यालय

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली निघालेले पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. वाचलेल्याला विचारावे की, कार्व्हरने काय केले? उत्तर ठरलेले असते : भुईमुगापासून तीनशे पदार्थ! काहीजण तर ‘पीनट बटर’ही त्याच्याच नावावर जमा करतात. (ते त्याचे नव्हे.) पदार्थांचे कौतुक मलाही आहे, पण त्यांतले बाजारात फार थोडे टिकले. माझ्या मते ह्या माणसाचे खरे मोठेपण एका गाडीत आहे आणि त्या गाडीविषयी आपण फारसे बोलत नाही.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्या मुक्तीचा गौरव म्हणून जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक तेथील सदाचारी लोकांना अर्पण केले. परंतु मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती जमीन आली नाही. अलाबामासारख्या दक्षिणेकडील राज्यात कृष्णवर्णीय कुटुंब मालकाचे शेत अर्धेलीने कसायचे. बी-बियाणे, पीठ, मीठ सारे दुकानातून उधारीने यायचे आणि कापूस निघाला की तो त्या उधारीत वळता व्हायचा. दुकानदार उधारी देई ती कापसावरच, म्हणून कापसाशिवाय दुसरे पीक घेण्याची सोय नव्हती. वर्षानुवर्षे तेच पीक घेऊन जमिनीचा कस गेला. ज्यांच्या घरी सावकाराचा कागद होता, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

अशा मुलुखात १८८१ साली टस्कीगी येथे एक शाळा निघाली. तिचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलामीत जन्मलेले. इमारतीसाठी विटा हव्यात म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांकडून वीटभट्टी लावली. एक भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथीसाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आपले घड्याळ गहाण टाकले! ती भट्टी साधली आणि पुढे आसपासचे गोरे लोकही विटा घेण्यासाठी ह्या शाळेच्या दारात येऊ लागले.

कार्व्हर तेथे १८९६ साली आला. त्याने ओसाड जमिनीवर चवळी, रताळी, भुईमूग घेऊन पाहिले. चवळी-भुईमुगामुळे जमिनीला नत्र परत मिळते, हे शास्त्र झाले. पण विकतचे खत ज्याला परवडत नाही त्याने काय करावे? कार्व्हर सांगे, दलदलीतला गाळ आणि रानातला पालापाचोळा आणून शेतात टाका. सल्ला देताना त्याने आधी शेतकऱ्याचा खिसा पाहिला, हे मला फार मोलाचे वाटते. तरीही अडचण उरलीच. ज्याला अक्षर येत नाही आणि शेत सोडून एक दिवस निघता येत नाही, तो महाविद्यालयात येणार कसा? म्हणून १९०६ च्या मे महिन्यात महाविद्यालयच गाडीत बसले. गाडीला खेचरे जुंपली, आत नांगर, बियाणी, लोणी काढण्याचे यंत्र भरले आणि ती गावोगाव फिरू लागली. त्याच वर्षी तेथलाच माजी विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल हा केंद्रीय शेतीखात्याचा पहिला कृष्णवर्णीय प्रात्यक्षिक अधिकारी झाला. गाडी त्याच्या हाती आली. पुढे खेचरे जाऊन मोटार आली, तिच्यातून परिचारिका आणि गृहविज्ञान शिकवणारी बाईही जाऊ लागली. महत्त्वाचे हे, की गाडी पुन्हा पुन्हा येत राहिली.

मी अकरावीत असताना आमच्या गावी एका महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आले होते. मुलांनी सात दिवस रस्ता झाडला, भिंतींवर घोषणा लिहिल्या आणि समारोपाला भाषणे केली. मुले चांगली होती. निघताना माझ्या आईने विचारले, “पोरांनो, परत कधी येणार?” ती हसली, पण कुणी आले नाही. आज मी स्वतः त्याच योजनेत आहे आणि आमचेही शिबिर सातच दिवसांचे असते.

आता कोणी म्हणेल, मग गाड्या काढा म्हणजे झाले! तसे नाही. अलाबामाने १९०१ साली नवी राज्यघटना करून कृष्णवर्णीयांचे मत जवळजवळ काढूनच घेतले. मत बाजूला ठेवून आधी हाताला काम, हा वॉशिंग्टन ह्यांचा मार्ग, त्यावर डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांनी १९०३ साली कडक टीका केली. डुबॉइस ह्यांचे म्हणणे किती खरे होते, हे १९१४ साली दिसले. शेतीज्ञान खेड्यात नेण्यासाठी केंद्राने कायदा केला, पैसा दिला. पण तो कोणत्या महाविद्यालयाला द्यायचा हे ठरवले राज्याच्या विधिमंडळाने. ज्यांना मतच नाही त्यांची बाजू तेथे कोण मांडणार? अलाबामात तो पैसा ऑबर्नच्या गोऱ्या महाविद्यालयाकडे गेला. हे जुने झाले असे मानू नये. २०२३ साली केंद्राच्या दोन मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळवले, की तेथील कृष्णवर्णीयांच्या शेतकी विद्यापीठांना तीसेक वर्षांत १२ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम कमी दिली गेली. १९२० साली त्या देशात सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०१७ च्या शेतीगणनेत ५० हजारही भरले नाहीत. एवढ्या मोठ्या गळतीला नुसते चवळीचे बियाणे काय पुरणार?

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे, कारण ती टस्कीगीच्याच परिसरातली आहे. १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे सरकारच्या आरोग्यखात्याने तेथील सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा ‘अभ्यास’ केला. रोग्यांना खरा रोग सांगितला नाही, पेनिसिलिन हाती आल्यावरही दिले नाही. संस्थेचे नाव आणि रुग्णालय त्या कामी आले. खेचरांच्या गाडीने दारोदार जाऊन जो विश्वास मिळवला होता, तोच येथे वापरला गेला. १९९७ साली राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली, तेव्हा त्यांच्यापैकी फक्त आठजण हयात होते.

यंदाच्या शिबिराच्या बैठकीत मी एवढेच मांडणार आहे : तीन वर्षे गाव एकच ठेवावे आणि काम काय करायचे ते आधी गावाला विचारावे. दत्तक गावाची कल्पना योजनेत आहेच. आपले कला महाविद्यालय. आपल्याकडे ना नांगर ना प्रयोगशाळा. पण पीककर्जाचा कागद वाचून दाखवणे, अर्ज भरणे, ग्रामसभेत कोणत्या खर्चाचा हिशेब मागता येतो ते सांगणे, हे आपल्याला जमण्यासारखे आहे. रस्ता गावकरी आपला आपण झाडतील.