ओवाळणी कोणाच्या खिशातून?

मे २०२५ च्या सुरुवातीला मुंबईत मंत्र्यामंत्र्यांत जुंपली. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी वळते केले. तेव्हाचे सामाजिक न्याय मंत्री, शिंदे सेनेचे संजय शिरसाट भडकले. खात्याची गरज नसेल तर बंदच करून टाका, असं पत्रकारांपुढं बोलले. रोख अर्थखात्यावर. ते खातं तेव्हा अजित पवारांकडं. दोघं एकाच सरकारातले भागीदार.

हे वाचून आपले काही पोट्टे खूश. म्हणे, युती फुटते आता! काहून खूश होता रे बाप्पा? भांडण त्यांचं होतं, माल आपला होता. १० मार्च २०२५ ला मांडलेल्या अर्थसंकल्पाला दोघांच्याही पक्षाची संमती होती. मे महिन्यात आवाज चढला, पण राजीनामा कुणी दिला नाही. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल रखडवलं आणि अनुसूचित जातींकडं दुर्लक्ष केलं, ही दोन्ही कारणं त्यांनी सांगितली. खुर्चीत बसून रागावणं आणि खुर्ची सोडणं यात किती अंतर आहे ते मोजा.

सरकारचं म्हणणं असं, की पैसा वळवलाच नाही. या योजनेत दलित-आदिवासी बायाही आहेत, त्यांचा हप्ता त्यांच्या निधीतून दिला, यात बिघडलं काय?

बिघडलं ते इथंच. योजना सगळ्या गरीब बायांची. बाकीच्या बहिणीचे दीड हजार राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून येतात. आमच्या बहिणीचे मात्र तिच्याच पोराच्या शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या डब्यातून. म्हणजे सर्वसाधारण तिजोरीत आमची बहीण नागरिक म्हणून धरलेलीच नाही. मालकानं बोनस वाटावा आणि तो कामगाराच्याच पीएफमधून कापावा, वर फोटो काढून घ्यावा, तशी ही गत. भाऊ म्हणून मिरवायचं यांनी, ओवाळणी आमच्या खिशातली.

बहिणीचे दीड हजार हक्काचे आहेत. ते तिला मिळालेच पाहिजेत. त्यावर बोट ठेवणारा आपला नव्हे. सवाल एवढाच, की ते कुठून काढले.

हिशेब करा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या पोरासाठी स्वाधार योजनेत नागपूरला वर्षाला ६० हजार धरलेले. ४१० कोटींत अशी ६८ हजारांवर पोरं वर्षभर शिकली असती. एका महिन्याच्या हप्त्यात गेली ती.

अनुसूचित जातींसाठी वेगळा निधी १९७९-८० पासून आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायचा, दुसरीकडं वळवायचा नाही, बुडू द्यायचा नाही, हे नियोजन आयोगानंच सांगून ठेवलं. पण सूचना म्हणजे कागद. आंध्रानं २०१३ मध्ये याचा कायदा केला, कर्नाटकानंही २०१३ मध्ये, तेलंगणानं २०१७ मध्ये. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राकडं असा कायदा नव्हता. आणि कायद्यानं सगळं भागतं असंही समजू नका. कर्नाटकात कायदा असताना काँग्रेस सरकारनं हाच निधी आपल्या हमी योजनांकडं वळवला. झेंडा कोणताही असो, हात त्याच डब्यात जातो.

म्हणून यांच्या भांडणात पंच होऊ नका. शिरसाट खरे की पवार खरे, ही त्यांच्या घरची पंचाईत. आपली मागणी साधी आहे. निधीचा कायदा करा. सर्वांसाठीच्या योजनेचा खर्च त्यात धरायचा नाही, असं कलम त्यात घाला. आणि वळवणाऱ्याला शिक्षा लिहा.

हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात भरते. पुरवणी मागण्या इथंच मंजूर होतात आणि मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात. यंदा नुसत्या घोषणा नेऊ नका. इंदोऱ्यातल्या, पाचपावलीतल्या पोरापोरींनो, अर्थसंकल्पाचं पुस्तक काखेत घ्या. आकडा वाचायला शिका. ज्याला आकडा वाचता येत नाही त्याचं ताट दुसराच वाढतो.

जय भीम.