फरशीचं वजन कोणाच्या डोक्यावर?

मंडळी, दिवाळी जवळ आली की आमच्या नातेवाइकांत निदान एका घरी तरी फरशी बदलायचं निघतंच. मग फोनाफोनी सुरू होते. व्हिट्रिफाइड घ्यावी की ग्रॅनाईट? आयव्हरी रंग लवकर मळतो का? मोरबीहून थेट मागवली तर स्वस्त पडते म्हणे! रंग, चकाकी, चौरस फुटाचा भाव, गवंड्याची मजुरी, सगळ्याचा कीस पाडून होतो. पण टेम्पो फाटकाशी उभा राहिल्यापासून फरशी घरात येऊन नीट ठेवली जाईपर्यंतचे जे दोन-तीन तास असतात, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ते आपलं कामच नाही अशी सर्वांची ठाम समजूत.

माझं मत नेमकं उलट आहे. फरशीच्या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग तोच, आणि त्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

आधी थोडं गणित करू. दोन फूट बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइलच्या एका खोक्यात सहसा चार नग येतात. म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस फूट, आणि वजन २८-३० किलो. सातशे फुटांच्या घराला तुटफूट धरून पन्नासेक खोकी लागतात. झाला दीड टन माल! जुन्या पद्धतीने वाळू-सिमेंटवर बसवायची असेल तर निदान याच्या दुप्पट वजनाची वाळू नि सिमेंट वेगळंच.

आता समजा घर चौथ्या मजल्यावर आहे आणि सोसायटीच्या नियमाप्रमाणे 'बांधकामाचं सामान लिफ्टने नेण्यास सक्त मनाई' आहे. पन्नास खोकी म्हणजे पन्नास खेपा. एका मजल्याचे दहा फूट धरले तर एकूण चढण दोन हजार फूट. सिंहगड पायथ्यापासून चढायचा तर साधारण एवढंच चढावं लागतं. दोन हमाल असतील तर प्रत्येकी अर्धा सिंहगड, डोक्यावर तीस किलो घेऊन, आणि तेही जेवायच्या सुट्टीआधी संपवायचं. आपण रविवारी हातात पाण्याची बाटली घेऊन गड चढतो आणि आठवडाभर त्याचं कौतुक सांगत बसतो!

या लिफ्टबंदीचं मला काही केल्या समर्थन करता येत नाही. लिफ्ट खराब होते, हे कारण सगळीकडे दिलं जातं. त्यातलं अर्धं खरं आहे. वाळूच्या उघड्या पाट्या नेल्या तर दाराच्या खाचेत वाळू जाते आणि दार अडकतं. पण बंद खोक्यांचं काय? सहा माणसांच्या लिफ्टमध्ये ४०८ किलो अशी पाटी असते, माणशी ६८ किलोच्या हिशेबाने. एक माणूस आणि दहा खोकी मिळून साडेतीनशे-पावणेचारशे किलो होतात, म्हणजे मर्यादेच्या आतच. तळाला प्लायवूड टाकावं, बाजूंना जुनी गोधडी लावावी, खोकी एका कोपऱ्यात न रचता सारखी पसरावीत. पाच-सहा फेऱ्यांत काम उरकतं. दुपारी दोन ते चार लिफ्टला तशी गर्दीही नसते. तरीही मनाई! म्हणजे स्टीलच्या पत्र्यावर ओरखडा नको, माणसाच्या मानेवर आला तर चालेल. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे गणित मांडलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "अहो, त्यांना सवय असते." सवय असते म्हणून मणका झिजायचा थांबत नाही.

'माथाडी' हा शब्दच बघा. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची चळवळ उभी केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी स्वतंत्र कायदा झाला. केरळातला डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांचा कायदा त्यानंतरचा, १९७८ चा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच शिफारस केली होती की एका प्रौढ पुरुषाने उचलायचं वजन ५५ किलोंच्या वर नसावं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात तर सगळं अनुकूल असताना, म्हणजे वाकावं लागत नाही, वळावं लागत नाही, पकड चांगली आहे अशा वेळीसुद्धा २३ किलोच धरले आहेत. आपल्याकडे सिमेंटचं पोतं आजही ५० किलोंचं आणि जिन्यात चुंबळीखेरीज दुसरं साधन नाही.

फाटकावर अडवून अवाच्या सवा पैसे मागणाऱ्या टोळ्यांबद्दल लोक चिडून बोलतात. तशी दादागिरी होत असेल तर ती वाईटच. पण तिचा राग, दिवसभर खोकी वाहून संध्याकाळी मान वळवता न येणाऱ्या माणसावर काढण्यात काय अर्थ?

हे झालं टाइल्सचं. संगमरवर किंवा ग्रॅनाईटच्या मोठ्या लाद्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे जिवाशी गाठ असते. आठ फूट बाय पाच फुटांची, अठरा मिलिमीटर जाडीची एक लादी जवळजवळ १८० किलोंची भरते. अशा दहा-वीस लाद्या ट्रकमध्ये उभ्या टेकवलेल्या असतात. दोर सोडला, रस्ता थोडा उतरता असला की अख्खी रांग एका बाजूला कलते आणि मधे सापडलेल्या माणसाला हलायला जागा नसते. म्हणून ट्रक सपाट जागी उभा हवा. दोर एकदम सगळे सोडायचे नाहीत. लादी ज्या बाजूला पडू शकते त्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. आणि कललेली लादी धरायला कधीही जायचं नाही. लादी फुटली तर दुसरी आणता येते. हे शेवटचं वाक्य मालकाने स्वतः, मोठ्याने, माल उतरायच्या आधी म्हणायला हवं. कारण 'फुटली तर मजुरीतून कापू' हा धाक डोक्यात असेल तर माणूस हात पुढे घालणारच.

लाद्या ठेवायच्या त्या इंग्रजी 'ए' अक्षरासारख्या लोखंडी घोडीवर, दोन्ही बाजूंना सारखं वजन येईल अशा. काढतानाही आलटून पालटून काढायच्या, नाहीतर घोडीच उलटते. आपल्याकडे काय दिसतं? तळमजल्याच्या बोळात भिंतीला जवळजवळ सरळ उभ्या केलेल्या लाद्या, आणि त्यांच्या शेजारी लपाछपी खेळणारी पोरं. ताई, तुझ्या इमारतीत सध्या हेच चाललंय, म्हणून मुद्दाम लिहितोय!

घरात आल्यावरही प्रश्न संपत नाही. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं-सामान मिळून येणारा भार भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. दहा खोकी एकावर एक आडवी रचली की चार चौरस फुटांत २९० किलो होतात. अशा चार-पाच राशी हॉलच्या मधोमध, शेजारी वाळूचा ढीग, आणि उखडलेल्या जुन्या फरशीचा राडारोडाही तिथेच. स्लॅब लगेच कोसळतो असं नाही, पण जुन्या इमारतीत ही परीक्षा घ्यायचीच कशाला? राडारोडा आधी खाली न्यावा. टाइल्सची खोकी भिंतीच्या कडेने, वेगवेगळ्या खोल्यांत वाटून, शक्यतो टाइल कडेवर उभी राहील अशी ठेवावीत.

बाकीचं थोडक्यात सांगतो. खोक्यांवरचा छटेचा नंबर सगळीकडे एकच आहे ना, हे सही करण्याआधी बघावं. संगमरवराला भिजलेला पेंढा किंवा गंजकी पट्टी लागू देऊ नये, डाग आत मुरतो. लाकडी लॅमिनेट ओल धरून फुगतं, म्हणून ते बंद खोक्यात, आडवं, ज्या खोलीत बसवायचं तिथेच ४८ तास आधी आणून ठेवावं. रबरी गोंदाचे डबे पेट घेतात, ते गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब बरे.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. "आपण ठेकेदाराला पैसे दिलेत, त्याचं तो बघेल." तो बघतो हो, पण दर पाडून घेतल्यावर काय बघणार? भावात घासाघीस करताना आपण जे चौरस फुटामागे दोन रुपये वाचवतो, ते बहुतेक वेळा याच दोन-तीन तासांतून कापले जातात. तीन माणसांऐवजी दोन येतात, हातगाडी येत नाही, हातमोजे येत नाहीत. म्हणून अंदाजपत्रकात 'माल उतरवणे व वर चढवणे' ही वेगळी ओळ हवी आणि तिच्यासमोर किती माणसं, कोणतं साधन, किती पैसे हे लिहिलेलं हवं. त्या ओळीत मात्र घासाघीस करू नये. लिफ्टची परवानगी आदल्या आठवड्यातच लेखी घ्यावी. आणि त्या दिवशी घरातल्या एकाने रजा काढून खाली उभं राहावं. चहा-पाण्याचं बघावं, पोरांना लांब ठेवावं, कोणी घाई करत असेल तर थांबवावं.

वास्तुशांतीला आपण पाहुण्यांना हौसेने नवी फरशी दाखवतो, तिची जात सांगतो, भाव सांगतो. ती वर कशी आली हे विचारल्यावरही तितक्याच मोकळेपणाने सांगता यावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.