चालू हॉटेल घेताना

सभासद बंधूंनो, ऊस नोंदीला फिरताना यंदा दोन-तीन ठिकाणी एकच विचारणा झाली : "साहेब, रस्त्यावरचं चालू हॉटेल निघालंय, उसाच्या बिलात घेऊ का?" आम्ही पडलो शेतकी पदविकेचे, भट्टीतलं आम्हाला काय कळणार! पण बेणं घेताना तुम्ही डोळा न् डोळा बघता, तसंच इथंही बघावं.

मालक गल्ला सांगेल. तो ऐकून घ्या आणि आठ दिवस कोपऱ्यातल्या बाकावर बसा. बाजारचा दिवस धरा, आडवारही धरा. दूध किती येतं, गॅसच्या टाक्या किती लागतात, विजेचं बिल काय, यावरून धंदा कळतो. जागा भाड्याची असल्यास नवा करार जागामालकाकडून लेखी घ्यावा. अन्न परवाना आपल्या नावानं काढावा लागतो. रस्ताही बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला नि जुन्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या तिकडं वळल्या.

आमचं स्पष्ट मत असं, की सोसायटी वजा जाऊन उरेल त्यातून खोडव्याचं खत आधी बाजूला काढावं. हॉटेलचा खर्च रोजचा, उसाचं बिल हंगामाचं. खोडवा उपाशी राहिला तर पुढच्या साली टनेज कुठून येणार, आणि हॉटेल तरी कशावर रेटणार?

आणि हो, आचारी राहणार का, हे त्याला एकट्याला गाठून विचारा.