पहिली दोन मिनिटे आणि घाईचा खून

विद्यार्थ्यांच्या थरारपटाची सुरुवात बहुतेक वेळा ओळखीची निघते. हुडी घातलेला माणूस, पाठमोरी चालणारी मुलगी, लुकलुकणारी ट्यूबलाइट आणि दीड मिनिटाच्या आत एक प्रेत. प्रेत पडले की उत्सुकता तिथेच संपते, आणि उरलेला वेळ नावे कुठे टाकायची या विवंचनेत जातो. खुनाला हरकत नाही. पण तो एवढ्या लवकर का, हे स्टोरीबोर्डच्या एकाही चौकटीत सापडत नाही.

ब्रिटनमधल्या ओसीआर परीक्षा मंडळाच्या माध्यम अभ्यासक्रमात एएस स्तरावर काही वर्षे हेच काम नेमलेले असे: नव्या कथापटाची श्रेयनामावलीसह सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. गटात चारच्या वर मुले नकोत. शंभरपैकी २० गुण संशोधन आणि नियोजनाला, ६० निर्मितीला आणि २० मूल्यमापनाला. मुख्य कामाआधी एक छोटा सराव असे. एका पात्राने दार उघडायचे, खोली ओलांडायची, दुसऱ्यासमोर खुर्चीत बसायचे आणि दोन-चार वाक्ये बोलायची. एवढ्यात हालचालीवरचा कट, समोरासमोरचे शॉट आणि १८० अंशांचा नियम, तिन्हींची परीक्षा होई. आपल्या कार्यशाळांनी हा सराव खुशाल उचलावा. रहस्य रचणे मुलांना जमते. घोडे अडते ते दारातून आत आलेला माणूस पुढच्या शॉटमध्ये उलट दिशेला चालू लागतो तिथे.

नियोजनाची खरी सुरुवात मात्र शॉटपासून होत नाही. कोणाला काय माहीत आहे, हे आधी ठरवावे लागते. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये (१९५८) पहिल्याच क्षणी एक हात बॉम्बचे टायमर लावतो. बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, गाडी सुटते आणि पुढची तीनेक मिनिटे कॅमेरा एकही कट न घेता सरहद्दीवरच्या गावातून फिरत राहतो. बॉम्बची खबर प्रेक्षकाला आहे, गाडीतल्या जोडप्याला नाही. ताण आहे तो एवढ्याच फरकाचा. या शॉटवर युनिव्हर्सल स्टुडिओने श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत चढवले होते. वेल्सच्या जुन्या टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्चने १९९८मध्ये चित्रपटाचे फेरसंकलन केले. त्यात नावे हटली आणि रस्त्यावरचे, गाड्यांमधले, बारमधले आवाज ऐकू येऊ लागले. दोन्ही आवृत्त्या वर्गात लागोपाठ दाखवाव्यात. ध्वनीवर वेगळे व्याख्यान द्यायची गरज उरणार नाही.

नावे नेहमीच आड येतात असे नाही. ‘सेव्हन’साठी (१९९५) काइल कूपरने केलेली श्रेयनामावली हाच एक प्रसंग आहे: वह्या, ब्लेड, बोटांची कातडी, ओरखडल्यासारखी अक्षरे. खुन्याचा चेहरा त्यात कुठेही नाही. शिवाय सगळा खेळ टेबलावरचा, म्हणजे एक दिवा आणि क्लोजअप घेणारी बरी लेन्स असलेल्या गटालाही परवडणारा.

पैशांची सबब पुढे आली की ‘हॅलोवीन’ (१९७८) दाखवावा. सुमारे तीन लाख डॉलरांत झालेला हा चित्रपट खुन्याच्या नजरेतून सुरू होतो, आणि मुखवटा उतरल्यावर समोर सहा वर्षांचा मुलगा उभा असतो. सुरी धरलेले हात निर्माती डेब्रा हिलचे होते. चित्रीकरणासाठी मिळालेले घर पडीक होते. त्या अवस्थेतच आधी पुढच्या काळातली दृश्ये उरकली गेली आणि घर रंगवून, सजवून सुरुवातीचे दृश्य शेवटी घेतले गेले. आपल्याकडे मुले पहिला सीन पहिल्याच दिवशी घेतात, जेव्हा कोणाचाच हात बसलेला नसतो.

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) तर पुण्यातलाच. तो कोबीच्या शेतात, सशामागे लागलेल्या बंदूकधाऱ्यापासून सुरू होतो. या दृश्याचा मूळ कथेशी काय संबंध, हे कळायला चित्रपटाचा शेवट यावा लागतो. एवढा धीर पटकथेच्या पातळीवरच ठरतो, संकलनाच्या टेबलावर तो आणता येत नाही.

रात्रीच्या दृश्यांबाबत दोन शब्द. अंधारात मोबाइलच्या चित्रात दाणे पडतात आणि माणसे चिखलात हरवल्यासारखी दिसतात. ‘जॉज’ची (१९७५) पोहायला गेलेली मुलगी रात्री बुडते, पण ते चित्रीकरण दिवसाउजेडीचे आहे. संध्याकाळच्या उरल्यासुरल्या उजेडात एक्स्पोजर खाली ओढून काम भागते. रेकीला मात्र त्याच वेळी जायला हवे. तिथेच लोकेशनचा निव्वळ आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवावा, डबिंगच्या वेळी तो सोन्यासारखा उपयोगी पडतो.

आणि एक विनंती शिक्षकांना. दृश्यात नकली पिस्तूल किंवा सुरी असेल आणि चित्रीकरण रस्त्यावर असेल, तर पोलीस ठाण्याला आगाऊ पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, शिक्षकाच्या सहीने जावे. हे काम मुलांवर सोपवू नये.